उंदीर, मांजर आणि पहिले शील

वर्षावासातली रविवारची सायंकाळ होती. आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपले, त्रिशरण-पंचशील झाले आणि चहाचे पेले फिरू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका आजींनी विचारले, "आपण रोज पाणातिपाता वेरमणी म्हणतो. आणि काल आमच्या सुनेने पिंजरा लावला. सकाळी दोन उंदीर बादलीत बुडवून मारले. मग शील कुठं राहिलं?"

सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, त्या उंदरांनी पोराचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला कुरतडला, ते नाही सांगितलंत. कॉलेजचा फॉर्म भरायची तारीख तोंडावर आली. आता तहसीलात खेपा घालायच्या कुणी?"

कोणीतरी मध्येच तोडगा काढला, "मांजर पाळा. मारील ती मांजर, आपले हात स्वच्छ!" सगळे हसले. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य मनातून जाईना. मांजरीने मारले तर आपले हात खरोखरच स्वच्छ राहतात का? आणि मांजर पाळून उंदरांचा प्रश्न सुटतो का? भगिनींनो, प्रश्न घरगुती आहे, पण वाटतो तेवढा लहान नाही.

उंदीर म्हणजे केवळ कुरतड नव्हे

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीलगतची वस्ती, धान्याची गोदामे आणि दाटीने राहणारी गरीब माणसे. तिथून प्लेग शहरभर आणि मग पुण्याकडे पसरला. क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. ते मूल वाचले, पण माईंना प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

प्लेग माणसापर्यंत पोचतो कसा, हे तेव्हा कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची पिसू नवे अंग शोधते आणि माणसाला चावते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत शोधून काढले १८९८ साली, माईंच्या निधनानंतर वर्षभराने.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराच्या आत, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगच्या गाठीचे रोगी आढळले. भीतीने लोक घरे सोडून गेले, धान्य घरातच राहिले आणि त्यावर उंदीर माजले, असे त्यावेळी सांगितले गेले. पुढच्याच महिन्यात सुरत हादरली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदराच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून पावसाळ्यात घाण पाण्यातून चालून आल्यावर ताप आला, तर अंगावर काढू नये. डॉक्टरांना पाण्यातून चाललो होतो हे आवर्जून सांगावे.

तेव्हा उंदीर घरात राहू द्यायचा नाही, हे पहिले ठरवून टाकू. घरातल्या लेकरावर दया करणे हीसुद्धा करुणाच आहे.

मांजर काय करते, काय करीत नाही

मांजर माणसाकडे आली ती उंदरांच्या मागे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे पश्चिम आशियातली रानमांजर आली. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. इतका जुना हा शेजार आहे.

उंदीर आपसात ज्या बारीक आवाजात बोलतात, तो आपल्याला ऐकूच येत नाही. मांजरीला येतो. ती तासन् तास बिळापुढे बसते, ती उगीच नव्हे. भगवंतांनीही ही सवय टिपली होती. संयुत्त निकायात एक छोटे सुत्त आहे. मांजर दोन घरांमधल्या बोळात, गटारापाशी, उकिरड्यापाशी उंदराच्या पिलासाठी टपून बसते, ते दिसताच अधाशीपणे न चावता गिळते आणि पोटात गेलेले पिलूच तिची आतडी कुरतडून तिचा जीव घेते. इंद्रियांवर ताबा न ठेवता भिक्षेला जाणाऱ्या भिक्खूंना भगवंतांनी हा दाखला दिला. आपण त्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीही उंदीर गटारापाशी आणि उकिरड्यापाशीच होते!

मांजरीला उपाशी ठेवले की ती जास्त उंदीर मारते, ही समजूत खोटी आहे. शिकार हा तिचा स्वभाव आहे, पोट भरलेले असले तरी ती झडप घालते. उपाशी मांजर शेजारणीच्या चुलीवरच्या दुधाकडे वळते. पोरकी वाढलेली पिले बहुधा कच्ची शिकारी निघतात, कारण शिकार शिकवते ती आई. आधी मेलेला उंदीर पिलांपुढे आणून टाकते, मग अर्धमेला. म्हणून पिलू आणायचे तर ते आईजवळ किमान दोन महिने राहू द्यावे.

मात्र मांजरीकडून फार अपेक्षा करू नये. घरातला लहान उंदीर ती सहज धरते. गटारातली भलीमोठी घूस समोर आली तर बहुतेक मांजरी वाट बदलतात. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिले. मांजरी रोज येत-जात होत्या, पण मोठे उंदीर मारले गेले केवळ दोन. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मांजरीच्या वासाने उंदीर लपले, संपले नाहीत. चिचुंद्रीचे तर मांजर मारूनही खात नाही, कारण तिला वास येतो. चिचुंद्री उंदराच्या जातीची नव्हेच. ती झुरळे खाते, तिला हाकलून दिले तरी पुरे.

आपल्या भागातलाही एक दाखला आहे. प्लेगच्या दिवसांत अमरावतीला असलेले इंग्रज डॉक्टर लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी १९०८ साली वैद्यकीय नियतकालिकांत मांडले की, ज्या गावांत घरोघरी मांजरी आहेत तिथे प्लेग कमी आढळतो. त्यांचे निरीक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे. पण मांजरीलाही प्लेग होतो आणि तिच्याही अंगावर पिसवा असतात. त्यामुळे केवळ मांजरीवर भिस्त ठेवून चालणार नाही.

मांजर आडवी गेली तर

मांजरीबद्दल आपल्या समाजात दोन टोकाच्या समजुती आहेत. ती आडवी गेली की काम होत नाही आणि तिला मारले की सोन्याचे मांजर दान करावे लागते. यातली दुसरी कुठून आली हे पाहायचे तर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय पाहावा. मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांपैकी काहीही मारले तर शूद्राला मारल्याचे प्रायश्चित्त करावे, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे शूद्र माणसाच्या जिवाचे मोल एका बेडकाएवढे. याच ग्रंथाचे दहन बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला केले. मांजरीवर दया करायला आपल्याला असल्या प्रायश्चित्तांची गरज नाही. सर्व प्राणिमात्रांवर दया करीन, ही आपल्या बावीस प्रतिज्ञांतलीच एक प्रतिज्ञा आहे.

हात स्वच्छ कुणाचे?

आता विहारातल्या त्या विनोदाकडे येऊ. "मारील ती मांजर, आपले हात स्वच्छ." बंधू-भगिनींनो, हा विचार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. घाणीचे काम दुसऱ्याने करायचे, पावित्र्य मात्र आपले! याच विचारावर हजारो वर्षे गावगाडा चालला. मेलेले ढोर ओढायचे कुणी आणि सोवळे मिरवायचे कुणी, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारण्याची गरज नाही. मुंबई महापालिकेचे कामगार रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळांत उंदीर मारतात. एका रात्रीत तीस उंदरांचे काम त्यांच्यावर लादलेले असे. त्यांच्यामुळे शहर निर्धास्त झोपते. त्यांचे शील मोडले आणि झोपणाऱ्याचे शाबूत राहिले, असे म्हणता येईल का?

धम्मपदाच्या दंडवग्गात स्वतः मारू नये आणि दुसऱ्याकडून मारवू नये, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. म्हणजे आड वाट बंद आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही एका जिवावर दुसरा जीव पोसू नये, अशी आज्ञा आहे. मांजर आपल्या स्वभावाने शिकार करते, तिला शील लागू नाही. पण पिंजऱ्यातला जिवंत उंदीर मांजरीपुढे सोडायचा आणि पोरांनी भोवती टाळ्या पिटायच्या, हा प्रकार आपल्या वस्त्यांत होतो. तो बंद झाला पाहिजे. उंदीर मेला यापेक्षा लेकराने तडफड पाहून हसायला शिकले, हे जास्त वाईट.

मग उंदीर मारायचाच नाही का? बाबासाहेबांनी याच ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. तेव्हा आजींच्या प्रश्नाचे उत्तर असे की, गरज पडली तर पिंजरा लावणाऱ्या सुनेचे शील मोडत नाही. पण गरज पडू नये म्हणून आपण काय केले, हेही शील विचारते. कारण असेल तर कार्य घडते, कारण दूर केले की कार्य थांबते, ही तर भगवंतांची शिकवण. उंदराचे कारण म्हणजे भोक आणि दाणा.

भोक आणि दाणा

लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत येतो. घरातले प्रत्येक भोक शोधा. मोरीच्या नळाभोवती, दाराखाली, विजेच्या तारा आत येतात तिथे. त्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. नुसत्या कापडाचा बोळा उंदीर रात्रीत काढतो. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका, मोरीला जाळी बसवा.

गहू-तांदूळ पत्र्याच्या कोठीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गोणी भिंतीला टेकवू नका. खरकटी भांडी रात्री तशीच ठेवू नका. एका उंदराला दिवसाला तीनेक ग्रॅम दाणे पुरतात, म्हणजे आपल्या सांडलवंडीवर एक अख्खे कुटुंब पोसले जाते. मादी तीन आठवड्यांत विते आणि तिची पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. म्हणून आज एक दिसला तर आजच हलावे. आणि दाखले, पासबुके, पुस्तके पत्र्याच्या पेटीत ठेवा. त्या कागदांसाठी आपल्या आईवडिलांनी काय सोसले ते आठवा.

पिंजरा लावायचा तर भिंतीला चिकटून लावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. पहाटेच पाहा, उन्हात ठेवू नका. पकडलेला उंदीर शेजारच्या चाळीत सोडणे ही दया नव्हे, शेजाऱ्याला दिलेला त्रास आहे. मारावाच लागला तर बादलीत बुडवून तडफडवू नका. चापाच्या सापळ्याने तो क्षणात मरतो. चिकट पुठ्ठा तर आणूच नका, त्यावर उंदीर तासन् तास ओढाताण करून मरतो. विषाची पेस्ट घरात नको. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत निकामी होते आणि त्यावर उतारा नाही. लहान मुलांच्या घरात तर तिला थाराच देऊ नये. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकते.

मांजर पाळली तर नोकर म्हणून नव्हे, घरातली म्हणून पाळा. नुसत्या दूध-भाकरीवर ती जगत नाही. मासळीची डोकी, थोडे मटण लागतेच. रेबीजची लस टोचून घ्या, नसबंदी करा, नाहीतर पिले उकिरड्यावर टाकायची वेळ येते. तिची घाण गरोदर स्त्रीने काढू नये. तिने आणलेला मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका आणि लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी फिनेल शिंपडा, मग पुसा.

शेवटची गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. बी.डी.डी. चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत आपल्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. तिथल्या बायकांना ठाऊक आहे की एका खोलीतला उंदीर हाकलला की तो शेजारच्या खोलीत जातो. त्यामुळे भोके बुजवायची तर सगळ्या माळ्याने एकाच दिवशी बुजवावीत. कचरा उचलणे आणि गटार झाकणे हे नगरपालिकेचे काम आहे, महिला मंडळाने त्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

पुढच्या रविवारी आजी भेटल्या. म्हणाल्या, "सून आणि मी दोघींनी मिळून भोकं बुजवली. पिंजरा माळ्यावर टाकला." मुलाच्या दाखल्याची दुसरी प्रत मिळाली होती, ती आता पत्र्याच्या पेटीत आहे. आणि एक मनी आपणहून घरात आली आहे. दिवसभर आजींच्या गोधडीवर झोपते.

"उंदीर मारते का?" मी विचारले.

"उंदीरच नाही तर मारील काय!" आजी म्हणाल्या.