खानदेशची थंडी आणि हिमालयाचें हिम

पिंप्राळ्यास हिम पडत नाहीं. वैशाखांत ज्या मुलुखांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेथें हिमवृष्टीची गोष्ट काढणें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि सिमल्यास किंवा काश्मिरांत मोसमाचें पहिलें हिम पडल्याचें वर्तमान आलें, कीं तापीकांठचा केळीचा बागाईतदार सावध होतो, आणि तें अगदीं सकारण असतें.

हिम तेथें पडतें, गारठा येथें येतो. हें कसें घडतें तें पाहूं. हिंवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून पूर्वेस सरकणारे वादळी पट्टे इराण-अफगाणिस्तानावरून येऊन हिमालयास थडकतात. वेधशाळेच्या भाषेंत त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतात. पट्टा जवळ येत असतां आभाळ भरतें व रात्री उलट थोड्या उबदारच होतात. मौज अशी कीं, खरी थंडी तो पुढें निघून गेल्यावर पडते. त्याच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान-माळव्यावरून खालीं उतरतात. सातपुडा त्यांस सर्वस्वी अडवील इतका उंच नाहीं. दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मध्यें तापीचें खोरें आणि समुद्र पुष्कळ दूर, अशी या प्रांताची ठेवण. हवेंत ओलावा नाहीं, आभाळ स्वच्छ. त्यामुळें दिवसा तापलेली काळी जमीन रात्रीं आपली ऊब भराभर आकाशांत सोडून देते, आणि जड झालेली थंड हवा खोलगट शेतांत साचून राहते. ज्या कोरडेपणामुळें खानदेश वैशाखांत भाजून निघतो, त्याच कोरडेपणामुळें तो मार्गशीर्षांत कुडकुडतो. तोरणमाळ-डाबच्या उंच पठारावर तर कडाक्याच्या रात्रीं गवतावरचें दंव गोठून पहाटे पांढरी चादर अंथरल्यासारखी दिसते. आमच्या भागास लाभणारें हिम तें एवढेंच.

थंडी ही खानदेशास नवी नव्हे. नवी आहे ती तिची बेशिस्त. जळगांवास कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो; १८७२ पासूनची ही परंपरा. रथाच्या सुमारास गोधड्यांना ऊन दाखवावयाचें, हा घरांतील वडील बायकांचा हिशेब. पण २०२४ सालीं हा हिशेब पार चुकला. त्या वर्षींचा ऑक्टोबर देशांत १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला. नोव्हेंबरच्या अखेरीस कोठें गारवा जाणवूं लागला, तोंच ३० तारखेस ‘फेंजल’ नांवाचें चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यास लागलें. त्याचे ढग महाराष्ट्रावर पसरले आणि मार्गशीर्षाच्या आरंभीं रात्री पुन्हां उबदार झाल्या. मग ८ डिसेंबरास सिमल्यांत मोसमाचें पहिलें हिम पडलें, विक्षोभ पुढें सरला, आणि आठवड्या-सव्वा आठवड्यांत धुळ्याचा पारा पांच अंशांच्या खालीं उतरला. माणूस अशा वेळीं कपाटांतून शाल काढतो. झाडास तशी सोय नाहीं. गारवा पायरी-पायरीनें वाढला, तर वनस्पति आपली वाढ हळूहळू आवरून घेतात. एकदम कोसळला, तर त्या गाफील सांपडतात.

काश्मिरांत याच गोष्टीचें दुसरें रूप दिसलें. ३ नोव्हेंबर २०१८ रोजीं, व पुन्हां ७ नोव्हेंबर २०१९ रोजीं, तेथें अवेळीं जड हिम पडलें. पौषांत तेंच हिम पडतें, तर सफरचंदाचीं झाडें निष्पर्ण उभीं असतीं व हिम फांद्यांमधून खालीं ओघळलें असतें. पण पानें अजून झाडांवर होतीं. पानापानावर हिम सांचलें आणि वर्षानुवर्षें जोपासलेल्या झाडांच्या फांद्या, कोठें कोठें बुंधेसुद्धां, त्या भारानें चिरफाळले. सफरचंदाचें झाड पुन्हां फळास येण्यास किती वर्षें लागतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या एका रात्रीची किंमत कळते.

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत सफरचंदाची जागा केळीनें घेतली आहे. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. केळ मुळांत उष्ण व दमट प्रदेशाची. येथें तिची एक लागवड मृगांत होते, ती मृगबाग. दुसरी पावसाळा सरतां सरतां, ती कांदेबाग. कांदेबागेचीं रोपें कोंवळीं असतांनाच थंडी गांठते. ज्या झाडास उबेच्या दिवसांत आठवड्यास एखादें नवें पान फुटावयाचें, त्यास पंधरा-पंधरा दिवस पान फुटत नाहीं. मृगबागेची गत निराळी. घड बाहेर पडावयाच्या वेळीं गारठा आला, तर तो झाडाच्या गळ्यांतच अडकतो, वेडावांकडा निघतो. आणि निसवलेल्या घडावरील फळांची साल तेरा अंशांखालीं काळवंडून निस्तेज होते. फळ आंतून चांगलें असलें तरी व्यापारी सालीकडे पाहूनच भाव करतो!

येथें एक विसंगति सांगितल्यावांचून राहवत नाहीं. केळीला तेरा अंशांवर इजा होऊं लागते. वेधशाळा मैदानी प्रदेशांत थंडीची लाट जाहीर करते ती पारा दहा अंशांवर वा त्याखालीं येऊन शिवाय सरासरीहून साडेचार अंशांनीं उतरल्यावर. आणि हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत अलीकडच्या वर्षांत केळीसाठीं अट आहे ती सलग तीन दिवस आठ अंश किंवा त्याहून कमी तापमानाची, तींही महसूल मंडळांतील यंत्रावर नोंदलेल्या. दोन रात्री सात अंशांच्या गेल्या आणि तिसरी नऊची निघाली, तर या अटीच्या लेखीं थंडी पडलीच नाहीं. विमा योजना असावी, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु तिचें माप झाडाच्या प्रकृतीवरून घेतलेलें असावें, एवढें म्हणणें प्राप्त आहे.

थंडी सगळ्यांचीच वैरीण नव्हे, हेंही खरें. शेजारच्याच शेतांतला गहू तिच्याच जोरावर फुटवे धरतो, हरभरा तिच्यांत सुखावतो. चंपाषष्ठीस चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें पुन्हां पानांत येतें, आणि शेगडीवर भाजलेल्या हिरव्या वांग्याचें भरीत व कळण्याची भाकरी यांची खरी लज्जत गारठ्यांतच. एकाच घरांत थोरला भाऊ केळीसाठीं थंडी ओसरण्याची वाट पाहतो, तर धाकटा गव्हासाठीं ती टिकावी म्हणतो.

बागेच्या बचावाचे उपाय ठाऊक आहेत आणि ते महागही नाहींत. बांधावर शेवरीची दाट ओळ लावून वारा अडवावा. पहाटे काडीकचरा ओला करून धुमसत ठेवावा, म्हणजे धुराचें पांघरूण जमिनीची ऊब धरून ठेवतें. घडांस वाळलेल्या पानांनीं वा पिशवीनें झांकावें. सर्वांत गुणकारी उपाय रात्रीं पाणी देणें हा. कारण विहिरीचें पाणी अशा वेळीं हवेपेक्षां पुष्कळ कोमट असतें. मात्र शेतीची वीज पाळीपाळीनें येते. पाळी रात्रीची असली, म्हणजे घरांतला कोणी तरी घोंगडी पांघरून, कंदिलाऐवजीं आतां विजेरी घेऊन, दोन वाजतां बागेकडे निघतो, आणि घरीं दाराची कडी तो परतेपर्यंत काढलेलीच असते.