भूमिकाक्रीडेतील पात्राचे पूर्ववृत्त

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाक्रीडेत चार-पाच खेळाडू प्रत्येकी एक पात्र धारण करतात व एक जण सूत्रधार होतो. आपले पात्र काय करते ते खेळाडू बोलून सांगतो, त्याचे फलित सूत्रधार सांगतो, आणि जेथे फलित अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. हा खेळ मुख्यतः उक्तींचाच बनलेला असल्याने भाषाभ्यासकास त्यात रस वाटावा हे स्वाभाविक आहे. खेळ सुरू होण्यापूर्वीचे पात्राचे आयुष्य म्हणजे त्याचे पूर्ववृत्त. ते विस्तृत व करुण असले म्हणजे अर्थपूर्ण होते, असा नवख्या खेळाडूंचा सर्वसाधारण समज असतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

'त्याने गाव सोडले' आणि 'त्याने गाव सोडले होते' ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिले आपल्यापुरते पुरे आहे. दुसरे ऐकताच श्रोता बहुधा पुढील वाक्याची वाट पाहू लागतो. कारण 'होते' या रूपाने घटना दुसऱ्या एखाद्या क्षणाच्या मागे नेऊन ठेवलेली असते, आणि तो क्षण सांगावयाचा राहिलेला असतो. खेळातील कृती वर्तमानकाळात सांगितल्या जातात : 'मी दार ढकलतो.' पूर्ववृत्ताची वाक्ये या वर्तमानाला येऊन टेकली पाहिजेत. ज्या पात्राचा सूड घेऊन झाला, कर्ज फिटले आणि प्रेयसीही निवर्तली, त्याचे चरित्र दहा पानांचे असले तरी सूत्रधारास त्यात हात घालावयास जागा उरत नाही.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा नियमांनी असे पूर्ववृत्त मागितलेच नव्हते. तीन फासे टाकून बल, बुद्धी इत्यादी सहा गुणांचे आकडे ठरवावयाचे आणि पात्रास भुयारात उतरवावयाचे, एवढेच काम असे. मार्क मिलर यांच्या 'ट्रॅव्हलर' या 1977 मधील खेळाने मात्र भूतकाळच फाशांच्या स्वाधीन केला. अठराव्या वर्षी पात्र आरमारासारख्या एखाद्या सेवेत शिरते. चार-चार वर्षांच्या प्रत्येक मुदतीत ते जगले काय, अधिकारपद मिळाले काय, सेवेत पुन्हा घेतले काय, हे फासे सांगतात. खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरण्याचा संभवही त्यात होता, आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु या पद्धतीचे खरे मर्म निराळे आहे. बारा वर्षे आरमारात काढलेला, एकदाही अधिकारपद न मिळालेला आणि तिसाव्या वर्षी परत न घेतला गेलेला मनुष्य हाती येतो. का घेतले नाही, याचे उत्तर नियमांत नाही. ते शोधू लागताच खेळाडूस पात्र सापडू लागते.

उलट बाजूने, खेळाडू आपले पात्र अनाथ करण्याकडे फार झुकतात. याचे कारण कल्पनादारिद्र्य नव्हे. पात्रास आई किंवा बहीण दिली की सूत्रधार तिला ओलीस धरील, ही भीती त्यामागे असते. 1981 च्या 'चँपियन्स' या खेळाने यावर व्यापारी तोड काढली : आश्रित नातलग किंवा पाठीवर असलेला वैरी स्वीकारल्यास पात्र घडविण्यासाठी अधिक गुणांक मिळत. तोड चतुर होती. तथापि दुःखाचा भाव ठरला की स्वस्तातले दुःख शोधले जाते.

अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1979 मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. 'माझा भाऊ आजारी आहे' असे कोणी म्हटले, आणि त्यास भाऊ आहे हे श्रोत्यास ठाऊक नसले, तरी श्रोता हरकत न घेता त्या भावास आपल्या समजुतीत जागा करून देतो. पूर्ववृत्तही मेजावर असेच रुजते. केवळ कागदावर लिहून ते खरे होत नाही. मात्र येथे श्रोता इतका उदार राहू शकत नाही. वेशीवर अडविले गेल्यावर 'कोतवाल माझा मावसभाऊ आहे' असे खेळाडू म्हणाला, तर जग बदलते आणि लाभही त्याचाच होतो. म्हणून सूत्रधाराची संमती लागते.

खरा तंटा याच्या पलीकडे आहे. खेळाडूने लिहिले : 'भाऊ युद्धात मेला.' सहा महिन्यांनी सूत्रधार त्या भावास शत्रूच्या गोटात जिवंत उभा करतो. कोणी खेळाडू हर्षभरित होतो. कोणास आपल्याच घरात चोरी झाल्यासारखे वाटते. दोघांनी वाक्य एकच वाचलेले असते. खेळाडूच्या लेखी ते जगाविषयीचे विधान होते, सूत्रधाराच्या लेखी पात्राच्या समजुतीविषयीचे. मराठीत हा भेद एका अव्ययाने उरकतो : 'भाऊ मेला' आणि 'भाऊ मेला म्हणे'. पूर्ववृत्त लिहिताना मात्र ते सहसा कोणी जोडत नाही. ज्या वाक्यास 'म्हणे' लावण्याची खेळाडूची तयारी असेल ते सूत्रधाराच्या हाती द्यावे; ज्यास नसेल ते तसे आधीच सांगावे. भाऊ डोळ्यांदेखत मेला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

2013 च्या 'फेट कोअर' मध्ये आणखी एक मार्ग दिसतो. प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचे एक जुने साहस थोडक्यात लिहितो व कागद फिरवितो. मग दुसऱ्या दोघांच्या साहसांत आपले पात्र कोठे आले होते ते जोडतो. अशा पूर्ववृत्तास आरंभीच साक्षीदार लाभतात. एकट्याने घरी बसून लिहिलेल्या चरित्रात जे अनाथ पात्र सहज जन्मास येते, ते येथे टिकणे कठीण. कारण त्या कथेतला वाटाड्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो, आणि रस्ता कोणी चुकविला याविषयी त्याची आठवण निराळी असू शकते.