नखसज्जेचा व्यवसाय : प्रमाणपत्रापासून पहिल्या कमाईपर्यंत

हातापायांच्या नखांची निगा राखणे हे काम आपल्या समाजास नवे नाही. बारा बलुतेदारांपैकी नाभिकाच्या धोकटीत वस्तरा व कात्रीबरोबर नखे काढण्याची नराणीही असे आणि या सेवेचा मोबदला त्यास सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळत असे. आज हे काम निराळ्या स्वरूपात पुढे आले आहे. नखे स्वच्छ करून त्यांना आकार देणे, रंगविणे, कृत्रिम नखे बसविणे व त्यांवर नक्षी काढणे हे आता स्वतंत्र कौशल्य झाले असून ते शिकलेल्या व्यक्तीस नेल टेक्निशियन असे म्हणतात. तथापि हाती प्रमाणपत्र आले म्हणजे रोजगार मिळाला असे होत नाही. या दोहोंमधील पहिले वर्षच कसोटीचे असते.

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. पेण शहर आणि लगतच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींच्या कार्यशाळांमधून रंगकाम करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. बारीक कुंचला स्थिर हाताने चालविण्याची सवय येथे घरोघरी आढळते. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे तेथे नियमित वेतन मिळविणारी कुटुंबे आहेत, तर रेल्वेमुळे दोन्ही गावे पनवेलशी जोडली गेली आहेत. साहजिकच नव्याने शिकलेल्या मुलीपुढे दोन मार्ग असतात : रोज पनवेल किंवा मुंबईकडे जाऊन नोकरी करणे अथवा गावातच व्यवसाय मांडणे. गावात राहावयाचे तर तेथील हंगाम ओळखणे अगत्याचे ठरते. तुळशीच्या लग्नापासून पावसाळ्यापर्यंतची लग्नसराई व भाद्रपदातील गौरी-गणपती हे कामाचे दिवस होत. आषाढात भाताच्या लावणीसाठी चिखलात उतरणाऱ्या हातांना कृत्रिम नखे उपयोगाची नाहीत. या काळात पायांची निगा, भेगांची काळजी व साधी स्वच्छता यांवरच भर द्यावा लागतो.

प्रशिक्षणाची सोय

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसाय-सूचीत कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असून दहावी उत्तीर्ण उमेदवारांस त्यात प्रवेश मिळतो. केस व त्वचा यांबरोबर हातापायांची व नखांची निगाही त्यात शिकविली जाते. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या मुलींसाठी जन शिक्षण संस्थान ही योजना आहे. 1967 साली मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने तिचा प्रारंभ झाला होता. याशिवाय बँकांमार्फत चालविल्या जाणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमधून ब्युटी पार्लर चालविण्याचे अल्पमुदतीचे शिक्षण दिले जाते.

पहिले वर्ष

शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 व त्याखालील नियमांनुसार किमान चार माणसे काम करीत असलेल्या आस्थापनेस विद्यावेतनावर उमेदवार घेता येतो. तालुक्याच्या गावातील पार्लर बहुधा मालकीण व एखादी मदतनीस एवढ्यावरच चालते. त्यामुळे ज्या मुलीस सरावाची सर्वाधिक गरज असते, तिला या कायद्याचा आधार मिळत नाही आणि ‘अजून शिकते आहे’ या सबबीवर महिनोन्‌महिने विनामोबदला राबण्याची वेळ तिच्यावर येऊ शकते. वास्तविक ग्राहकाकडून पैसे घेऊन तिच्या हातून काम करून घेतले जात असेल, तर ते शिक्षण नसून रोजगार होय. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने किमान वेतनाची तरतूद सर्व रोजगारांना लागू केली आहे. म्हणून कामास लागण्यापूर्वीच सरावाची मुदत, वेतन किंवा कामागणिक हिस्सा आणि साहित्याचा खर्च कोणी करावयाचा, या गोष्टी लेखी ठरवून घेणे हिताचे असते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार उद्भवल्यास 2013 च्या अधिनियमान्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, ही माहितीही प्रशिक्षणातच दिली गेली पाहिजे.

दर कसा ठरवावा

नवशिक्या मुली शेजारणीचा दर पाहून आपला दर लावतात आणि स्वतःच्या वेळेची किंमत धरीत नाहीत. उदाहरणादाखल, नवरीच्या घरी जाऊन केलेल्या कामाचे 600 रुपये ठरले असे समजू. त्यातून साहित्याचे 170, प्रवासाचे 80 आणि हत्यारांची झीज व निर्जंतुकीकरण यांचे 50 रुपये वजा जाता 300 रुपये उरतात. कामास दोन तास व जाण्यायेण्यास दोन तास लागले, तर तिची कमाई ताशी 75 रुपये झाली. हेच काम स्वतःच्या जागेत केले आणि प्रवासखर्चाऐवजी भाडे व विजेचा वाटा 80 रुपये धरला, तरी ताशी 150 रुपये पडतात. यावरून घरी जाऊन करावयाच्या कामास निराळा आकार लावणे किती आवश्यक आहे, हे ध्यानात येईल.

आरोग्याची दक्षता

हाताचे नख महिन्यास सुमारे तीन मिलिमीटर वाढते. मुळाशी झालेली इजा भरून यावयास त्यामुळे सहा महिने लागू शकतात. कृत्रिम नखांसाठी मिथाइल मेथाक्रिलेट हे स्वस्त द्रव्य वापरू नये. ते नखास इतके घट्ट धरते की ठेच लागताच मूळ नखही उखडण्याचा संभव असतो. त्याऐवजी इथाइल मेथाक्रिलेट वापरावे. जेल वाळण्यापूर्वी त्वचेस लागत राहिल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. हा धोका ग्राहकापेक्षा रोज काम करणाऱ्या मुलीसच अधिक असतो. नायट्राइलचे हातमोजे, मुखपट्टी व खेळती हवा यांना म्हणून पर्याय नाही. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते. घरी व्यवसाय करणारीने स्वयंपाकघरात शेगडीजवळ किंवा देवघरातील निरांजनाजवळ ते उघडू नये. प्रत्येक ग्राहकानंतर धातूची हत्यारे साबणाने धुऊन निर्जंतुक करावीत आणि कानस दुसऱ्या ग्राहकास वापरू नये. नखुरडे झालेले वा बुरशीने पोखरलेले नख रंगाखाली झाकण्याऐवजी डॉक्टरांकडे पाठवावे. मधुमेही ग्राहकाच्या पायांस धारदार हत्यार लावणे टाळावे.

भांडवल व स्थानिक संस्थांचे साहाय्य

या व्यवसायास फार मोठे भांडवल लागत नाही. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50 हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. उद्यम नोंदणी विनाशुल्क असून एकटीने चालविलेल्या दुकानास दुकाने अधिनियम, 2017 खाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ही कामे स्वतःच करता येतात. त्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही.

तथापि कर्जापेक्षा पहिल्या वर्षाचा आधार महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. तीतून निर्जंतुकीकरणाचे साहित्य व सुरक्षा-संच देता येतील. पेण व रोह्याच्या नगरपरिषदांना व्यापारी गाळ्यात दोघीतिघींस मिळून अल्प भाड्याने जागा देण्याचा विचार करता येईल. शिक्षकांनी दहावीनंतरच्या मार्गदर्शनात या व्यवसायाचा उल्लेख करताना त्यातील मेहनत व धोकेही सांगावेत. नखसज्जा हा काहींस केवळ हौसेचा विषय वाटेल, परंतु ती करणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते कुशल श्रमाचे काम आहे. त्याचे मोल योग्य वेतन व सुरक्षित जागा या रूपाने तिला पहिल्या दिवसापासून मिळाले, तरच प्रशिक्षणावर झालेला खर्च सार्थकी लागेल.