घड्याळ खाऱ्या पाण्यात भिजलं तर चालेल, मीठ वाळू देऊ नका



आजकाल जेटीवर बघावं तर निम्म्या मनगटांवर स्मार्टवॉच दिसतं. कुणी पावलं मोजतो, कुणी छातीचे ठोके बघतो, कुणाला डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं.

गेल्या चवथीला आपल्या एका तांडेलकाकांना त्यांच्या मुलाने असंच घड्याळ भेट दिलं. दिवाळी येईपर्यंत ते चार्जच होईना. दुकानात नेलं तर मागचे चार्जिंगचे ठिपके हिरवे-काळे पडलेले. "पाण्याने खराब झालंय, वॉरंटीत बसत नाही," असं सांगून परत पाठवलं. काका म्हणाले, "अरे, पण हे पाण्यात चालतं म्हणून तर घेतलं होतं!"

इथेच आपण सगळे फसतो. खोक्यावर ५ एटीएम लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ ५० मीटर खोल बुडी मारा असा नाही. स्थिर पाण्यात तेवढा दाब चाचणीत सोसला, एवढंच. आयपी ६८ ची चाचणीही गोड्या पाण्यात होते. शिवाय आतलं रबरी सील धक्क्यांनी, साबणाने आणि वापराने हळूहळू कमजोर होतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ मात्र बटणाच्या फटीत, स्पीकरच्या भोकांत आणि चार्जिंगच्या ठिपक्यांवर बसतं. तिथे ते हवेतला ओलावा ओढून घेतं. तशात चार्जर लावला की ओल्या मिठातून वीज वाहते आणि धातू खाल्ला जातो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी धुणं, मग सुकवणं, चार्जिंग सगळ्यात शेवटी.

जेटीवरून घरी आल्यावर

१. घड्याळ बंद करा. पट्टा सुटणारा असेल तर काढा.
२. मगातल्या गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. नळाची जोराची धार, गरम पाणी नको.
३. बटणाभोवती खवले, चिकटा अडकला असेल तर लहान मुलांच्या मऊ ब्रशने काढा. भोकात सुई, टाचणी घालू नका.
४. मागची काच ओल्या मऊ फडक्याने पुसा. तिथला हिरवा प्रकाश कातडीत शिरून रक्ताचा प्रवाह बघतो. काचेवर तेलकट थर असला तर ठोक्यांचा आकडा चुकू शकतो.
५. रबरी पट्ट्याला वास येत असेल तर तो वेगळा करून थोड्या सौम्य साबणाने धुवा आणि साबण पूर्ण जाऊ द्या. चामड्याचा पट्टा बोटीवर नेऊच नका.
६. कोरड्या फडक्याने टिपून पंख्याखाली सावलीत ठेवा. ठिपके पूर्ण कोरडे झाले की मगच चार्जर.

ग्रीस लागलं म्हणून रॉकेल, डिझेल, थिनर लावू नका. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, चुलीजवळ किंवा उन्हात सुकवू नका. दर्यात असताना धुवायला जमलं नाही, तर निदान पिण्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या.

आता घड्याळाखालच्या हाताचं

आपल्या हाताला काट्यांचे, दोरीचे बारीक ओरखडे रोजचेच. पट्ट्याखाली घाम, मीठ आणि माशाचं पाणी तासन्‌तास कोंडलं की कातडी लाल होते, खाजते. घड्याळ धुताना मनगटही धुवा, कोरडं करा. झोपताना थोडा वेळ तरी घड्याळ काढा, पट्टा फार आवळू नका. ओरखडा असेल तर तो भरेपर्यंत घड्याळ दुसऱ्या हातात.

ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. समुद्राच्या पाण्यातले आणि माशांवरचे काही जंतू जखमेतून आत शिरतात. हात सुजला, लाली पसरायला लागली, फार दुखू लागलं किंवा ताप आला, तर हळद लावून वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि मासळीचं काम करतो हे आवर्जून सांगा. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांनी तर अजिबात वेळ घालवू नये.

१ जून ते ३१ जुलै, आपल्या गोव्यातल्या बंदीच्या काळात घड्याळ कपाटात जाणार असेल, तर धुऊन-सुकवून, अर्धं चार्ज करून, बंद करून ठेवा. मिठासकट ठेवलेलं घड्याळ ऑगस्टमध्ये चालू होईलच असं नाही.

रोजची पाच मिनिटं आणि एक मग गोडं पाणी, खर्च एवढाच. आज रात्री चार्जर लावण्याआधी घड्याळ उलटं करून मागचे ठिपके बघा. आणि घरातल्या पोरांना हे वाचून दाखवा, बाबांचं घड्याळ धुवायचं काम त्यांच्याकडेच द्या!