बाळाचा लंगोट कोठे बदलावा?



तान्हे बाळ दिवसातून अनेकदा ओले होते. घर, शेत, बाजार, बसस्टँड असा भेद ते करीत नाही. नेरडीगोंड्याच्या थांब्यावर बसची वाट पाहणारी आई मग पदराचा आडोसा करून मांडीवर किंवा धुळीतच काम उरकते. हात धुवायला पाणी नसते.

लहान बाळाची शी निरुपद्रवी असते, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. तीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणून शी संडासातच टाकावी व साबणाने हात धुवावेत.

घरी : शहरात यासाठी उंच टेबल मिळते; परंतु बाळ क्षणात कुशीवर वळते आणि पडते. जमिनीवर सतरंजी व वर धुतलेले मेणकापड, हीच जागा उत्तम. अंग पुसून कोरडे करावे. पावडर टाळावी, ती श्वासावाटे छातीत जाते. लंगोट उन्हात वाळवावेत.

शेतात : कपाशीवर फवारणी चालू असता बाळाला तेथे नेऊ नये. फवारणीचे कपडे व लंगोट एकत्र धुवू नयेत. औषधाचा रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नये. विकतच्या डायपरमध्ये प्लास्टिक असते, ते कुजत नाही. ते नाल्यात किंवा बांधावर फेकू नये.

सार्वजनिक ठिकाणी : महाराष्ट्रात एस.टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक इमारतींत स्तनपान व बालसंगोपनासाठी जागा असावी, असे राज्यांना बजावले. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या इमारतींतील पुरुषांच्या शौचालयांतही ही सोय सांगितली आहे. बाळ बापाचेही आहे, हे त्यातून आपण शिकावे.

पवित्र मरियेला बेथलेहेमात बाळासाठी गव्हाणीच मिळाली. आपल्या गावच्या मातांना तरी निराळी जागा मिळावी. ग्रामपंचायतीकडे थांब्यावर आडोसा व नळ मागू या. त्याआधी आपल्या चर्चच्या ओसरीत पडदा, कठड्याचा बुटका ओटा, पाणी व साबण ठेवू या. ओटा बांधण्यास पुरुषमंडळींनी येत्या रविवारी मिस्सानंतर थांबावे, ही आमची विनंती.