जुना बॉक्स, नवा संगणक

मालेगावात आमच्या दुकानाशेजारी एक तरुण मोबाइल दुरुस्ती करतो. वडील यंत्रमागावर होते. परवा तो फ्लॅशिंगचा जुना बॉक्स भंगारात द्यायला निघाला. "चाचा, नवा संगणक याला ओळखतच नाही. नवा बॉक्स हप्त्याने घेतो." हप्ता म्हणजे व्याज आलेच. आम्ही कापडवाले, या कामात आम्हाला काय कळणार? पण व्याजाचे नाव निघाले म्हणून बसलो.

बॉक्स ठीक होता. अडले होते ते ड्रायव्हरपाशी. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि बॉक्स यांच्यातला दुभाषा. नोकियाच्या कीपॅड फोनांच्या काळातले यूएफएस, जेएएफ यांसारखे बॉक्स विंडोज एक्सपीवर चालत. त्या काळचे पुष्कळ ड्रायव्हर ३२-बिट. ६४-बिट विंडोजमध्ये ते चालतच नाहीत, आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. शिवाय २००७ च्या विस्टापासून ६४-बिट विंडोज ड्रायव्हरवर डिजिटल सही मागते. बिल्टीशिवाय ट्रान्सपोर्टवाला गाठ सोडत नाही, तसेच हे.

ड्रायव्हर ६४-बिट असून फक्त सही नसेल तर उपाय आहे. शिफ्ट दाबून रिस्टार्ट करावे, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन ७ दाबावा. ही सूट संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. आमच्या या तरुणाने त्यातच दोन दिवस घालवले. त्याचा ड्रायव्हर ३२-बिट, मग सहीचा प्रश्न येतोच कुठे?

केबलचेही असेच. जुन्या पीएल २३०३ चिपच्या केबली विंडोज ११ चा नवा ड्रायव्हर नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर निवडला की बहुधा चालतात.

सुदैवाने त्याचा जुना संगणक माळ्यावर होता. विंडोज ७, ३२-बिट. बॉक्सबरोबर आलेल्या सीडीवरून ड्रायव्हर टाकला आणि अल्हम्दुलिल्लाह, बॉक्सचा दिवा लागला. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आहे. म्हणून त्या संगणकाला इंटरनेट जोडायचे नाही, बँकेचे व्यवहार तर मुळीच नाहीत. जुना संगणक नसेल त्यांनी नव्यातच व्हर्च्युअलबॉक्स टाकून आत जुने विंडोज चालवून पाहावे. मात्र फ्लॅशिंग चालू असताना जोडणी तुटली तर गिऱ्हाइकाचा फोन जायचा. पहिला प्रयोग स्वतःच्या फोनवर करावा.

सीडी आता घासली आहे. "बेटा, पेनड्राइव्हवर नक्कल काढून ठेव," असे आम्ही दोनदा सांगितले. अजून काढलेली नाही.