पित्त उठतं कातडीत

अंगावर पित्त उठलं, असं आपण मराठीत म्हणतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते. तिथं 'पित्ती उछली' म्हणतात. दोन्ही भाषांनी दोष पित्ताला दिला. पण या गांधींचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही.

आपल्या त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्या हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतलं पाणी झिरपतं, कातडी फुगते आणि खाज सुटते. हा त्रास सहा आठवड्यांहून अधिक चालला, की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. अशा बऱ्याच रुग्णांत बाहेरचं कारण सापडतच नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशींना चिथावत असते.

माझ्या धाकट्या बहिणीला हा त्रास होता. औषधाच्या दुकानात सहज मिळालेली एक ट्यूब ती कित्येक महिने चेहऱ्याला आणि हातांना लावत होती. लावली, की दोन-तीन तासांत गांध बसायची. पुढं गाल सदा लाल दिसू लागले, मुरुम आले, उन्हात आग होऊ लागली. गांधी मात्र उठतच राहिल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरचं नाव वाचलं: क्लोबेटासॉल, म्हणजे अतितीव्र स्टिरॉइड.

गफलत इथंच आहे. एकेक गांध काही न लावताही बहुधा २४ तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. निघालेल्या पाहुण्याला घालवल्याचं श्रेय मलमाला मिळतं. आमसुलाच्या पाण्यालाही ते मिळत आलंय. पण आमसुलानं कातडी पातळ होत नाही. तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लावलं तर होते.

ही मलमं वाईट नाहीत. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाचा गुण दिसला, तेव्हापासून इसबासारख्या रोगांत त्यांचा मोठा आधार आहे. पण इसब एका जागी ठाण मांडतो, पित्त जागा बदलतं. उद्या ते कुठं उठेल ते ठाऊक नसताना मलम लावणार कुठं? अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत, असा नियम केंद्र सरकारनं २०१८ साली केला.

मग उपाय? हिस्टामिनला अडवणारी, कमी गुंगी आणणारी गोळी. डॉक्टर सांगतील तितके दिवस ती रोज घ्यायची, गांध दिसेल तेव्हाच नव्हे. गुण आला नाही, तर डॉक्टर मात्रा वाढवतात; तेवढ्यानं भागलं नाही, तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी काहींचा त्रास वाढतो. खाजेवर थंड पाण्याची घडी बरी.

बहिणीच्या गांधी रोजच्या गोळीनं आटोक्यात आल्या. चेहरा सावरायला मात्र वर्ष लागलं. घरात अशी ट्यूब बरेच दिवस वापरात असेल, तर डॉक्टरांना दाखवून मगच थांबवा. गांध २४ तासांहून अधिक टिकली किंवा डाग ठेवून गेली, तरी दाखवा. आणि जीभ किंवा घसा सुजला, श्वास अडला, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.